नणंदेकडचं माहेरपण

वन्सं,

तुमच्या शोकसभेत माझ्या हातात माइक दिला, तेव्हा मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, मेधाला रडू आलं. रडू आलंच होतं, पण बसले ते त्यामुळं नाही. मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशी होतं आणि त्यात भांडण होतं. आमच्या कॅरी गावातल्या त्या हॉलमध्ये पांढरे कपडे घालून बसलेल्या माणसांसमोर, गेलेल्या नणंदेशी भांडणारी भावजय कुणाला बघवली असती? म्हणून आता घरी बसून लिहितेय. श्रीरंग वर झोपलाय. खिडकीतून ड्राइव्हवेतला तुमचा ट्रेलर, तुमचं ते चाकांवरचं घर, दिसतोय.

भांडण ओटीचं आहे. ते यूटात सुरू झालं आणि संपायच्या आत तुम्ही गेलात. मला तुमच्या हातानं ओटी भरून हवी होती आणि तुम्ही नाही म्हणालात. अख्खा ट्रेलर मागे बांधून रॉकी पर्वत चढून जाणाऱ्या बाईनं मूठभर तांदळांना हात आखडावा, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तुम्हाला 'वन्सं' म्हणायला लागले तेसुद्धा चिडवायलाच. लग्न होऊन पहिल्यांदा अमेरिकेत आले, तर शिकागोच्या विमानतळावर तुम्ही जीन्स घालून उभ्या. म्हणालात, "मला ताई म्हण, अलका म्हण, काहीही म्हण. फक्त घाबरू नकोस." मी म्हटलं, "बरं, वन्सं." तुम्ही इतक्या हसलात की माझ्या आजीच्या पिढीतला तो शब्द तुम्हाला चिकटला तो चिकटलाच. तुमच्या माधवरावांनी फोन उचलला की ते ओरडायचे, "वन्सं, तुमच्या वहिनीसाहेबांचा फोन!"

माधवराव गेल्यावर तुम्ही घर विकून ट्रेलर घेतलात, तेव्हा श्रीरंग कितीतरी दिवस धड जेवला नाही. "ताईचं डोकं फिरलंय," म्हणाला. मी म्हटलं, इकडे बोलव तिला. तुम्ही आलात, ट्रेलरसकट. एवढं मोठं धूड उलटं घेऊन एका दमात आमच्या ड्राइव्हवेत बसवलंत, शेजारपाजारचे गवत कापायचं सोडून बघत राहिले. आणि जेवणं झाल्यावर "चला, गुड नाइट" म्हणून तुम्ही बाहेर ट्रेलरमध्ये झोपायला गेलात! वर खोलीत मी नवी चादर घालून ठेवली होती. मला असा राग आला म्हणून सांगू. नणंद अंगणात झोपते म्हणजे घरात भावजय आहे की नाही, असं माझ्या आईनं विचारलं असतं. आमच्या कॉलनीत ट्रेलर फार दिवस उभा करायला बंदी. तर तुम्ही मुदत भरत आली की जवळच्या स्टेट पार्कात दोन मुक्काम करायचात आणि परत हजर. आमची लेक ईरा म्हणायची, "आत्या, यू आर लाइक अ स्नेल." तुम्ही म्हणायचात, "गोगलगाय म्हण. मराठीत जास्त गोड वाटतं."

झोपायला बाहेर असलात, तरी दिवसभर तुम्ही घरातच असायचात आणि मी हौसेनं तुमचं माहेरपण करायचे. तुमच्या आई-बाबांनंतर तुमचं माहेर म्हणजे श्रीरंगचं घर, म्हणजे माझं स्वयंपाकघर, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. अळूची भाजी काय, साटोऱ्या काय, फार्मा कंपनीतल्या मीटिंगा संपवून घरी आले की मी ओट्याशी उभी. सगळं आवडीनं खायचात. निघताना मात्र ओटी भरायला घेतली की "ते राहू दे ग," म्हणून सरळ ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकमध्ये चढायचात.

मला कारण माहीत होतं. माधवराव गेल्यानंतरच्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात करंडा घेतलेला हात तुमच्यापर्यंत आला आणि तुम्हाला ओलांडून माझ्याकडे वळला. तुम्ही तिळगूळ चघळत छताकडे बघत बसलात. पुढच्या वर्षी त्याच बायकांना सुधारणेचा झटका आला. त्यांनी तुम्हाला मुद्दाम मध्ये बसवलं, एकीनं कुंकू पुढं केलं आणि दुसरीनं फोन वर धरला. तुम्ही म्हणालात, "लाव की. पण फोटो काढायचा नाही." तिचा हात हवेतच राहिला, वन्सं! घरी येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "आधी वगळतात आणि मग वगळत नाही म्हणून टाळ्या घेतात. मला दोन्ही नको." त्यानंतर तुम्ही त्या वाटेला गेला नाहीत. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता, पण बोलले नाही. बोलायला हवं होतं, म्हणून आज बोलते.

मग एकदा डिशवॉशर रिकामा करता करता तुम्ही विचारलंत, "मेधा, तू माहेरी कधी गेली होतीस ग शेवटची?"

मी म्हटलं, "कुठलं माहेर? मी एकुलती. आई-बाबा गेले, नागपूरच्या घराच्या जागी फ्लॅट झाले. कुणाची बेल वाजवू?"

"मग माझ्याकडे चल. सप्टेंबरात रजा टाक. तुझं माहेरपण करते."

"नणंदेकडे माहेरपण? ही कुठली उलटी गंगा?"

"तू चल तर. उगाच रंगाला विचारते, बघते, असलं काही सांगू नकोस."

श्रीरंगला रंगा म्हणणारं माणूस तुमच्यानंतर कुणी उरलं नाही.

मी विमानानं शिकागोला आले. ट्रेलर गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर ठेवून आपण नुसता ट्रक घेऊन डेव्हन ॲव्हेन्यूवर गेलो. पार्किंगसाठी इतक्या फेऱ्या मारल्या की तेवढ्यात आयोवा आलं असतं, असं तुम्ही म्हणालात. मग तुम्हाला खरेदीचा ऊत आला. तांदळाचं मोठं पोतं, कणकेच्या पिशव्या, डाळी, गूळ, नारळ, वर लोखंडी खलबत्ता. मी म्हटलं, "वन्सं, आपण दोघीच आहोत ना?" तर म्हणालात, "माहेरी तांदूळ मोजायचे नसतात." स्वयंपाकघर ट्रेलरच्या मागच्या टोकाला. म्हणून ते सगळं आपण मागच्या कपाटांत आणि ओट्याखाली ठासलं.

नेब्रास्कात एक मोठा ट्रक शेजारून जोरात गेला आणि आपला ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडा, मग चांगलाच. त्याची शेपटी डावीकडे गेली की आपला ट्रक उजवीकडे ओढला जायचा. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून "ब्रेक, ब्रेक!" ओरडत होते. तुम्ही ब्रेकला पाय लावला नाहीत. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललात, स्टिअरिंग सरळ धरलंत आणि दुसऱ्या हातानं डॅशबोर्डाखालची छोटी दांडी दाबलीत, फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात ती. ट्रेलर दोनदा हिसका देऊन सरळ झाला. कडेला थांबून तुम्ही पाण्याचा घोट घेतलात आणि म्हणालात, "चूक माझी आहे. सगळं वजन मागे टाकलं. आयुष्यभर पुलांची गणितं केली आणि तांदळापुढं अक्कल गहाण टाकली."

आणि तुम्ही बाह्या वर करून पोतं ओढायला लागलात. त्या वाऱ्यात हायवेच्या कडेला आपण दोघी पोतं, कणीक, खलबत्ता असं सगळं ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, पलंगाखाली नेत होतो. तुम्ही समजावत होतात की वजन चाकांच्या पुढं जास्त असलं की ट्रेलर निमूट मागून येतो. चूक झाली तर ती झाली म्हणायची आणि पोतं उचलायचं, एवढंच तुमचं. आमच्या घरात चूक कुणाची यावर रविवार जातो.

पुढचे दिवस मी आळशासारखी बसून होते. तुम्ही मला चहाचा कपसुद्धा विसळू दिला नाहीत. वायोमिंगमध्ये थालीपीठ, यूटात मऊ भात आणि मेतकूट. नळ नसलेल्या जागी मुक्काम असला की तांब्या-बादलीनं अंघोळ. पाणी जपून कसं वापरायचं याचे व्हिडिओ इथली ट्रेलरवाली माणसं का बनवतात, असं तुम्हाला खरंच कळायचं नाही. काम म्हणून माझ्याकडे एकच होतं, ट्रेलर जागेवर लावताना मागे उभं राहणं. मी आपली सवयीनं ओरडायचे, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास्स!" एका कॅम्पग्राउंडवर तर शेजारच्या म्हाताऱ्यानं सकाळी मला बघून हात हलवला आणि म्हणाला, "येवद्या!" तुम्ही त्याला पोहे नेऊन दिलेत.

नेवाडातला तो रस्ता मला स्वप्नात दिसतो. डोंगर चढायचा, उतरायचा, समोर एवढं मोठं माळरान की पलीकडचा डोंगर निळा दिसावा. मग ते ओलांडायचं आणि परत डोंगर. राखाडी झुडपं आणि आपण. फोनला सिग्नल नाही, पेट्रोल पंप नाही, माणूस नाही. अशा एका सरळ पट्ट्यावर तुम्ही गाडी थांबवलीत आणि म्हणालात, "ये, चालव." मी म्हटलं, "मी ऑफिसला जाते-येते तेवढीच चालवते. मागे घर बांधलंय वन्सं!" तुम्ही म्हणालात, "मागे काय आहे ते विसर. पुढं बघून चालव, वळताना फक्त लांबून वळ." आणि पाच मिनिटं माझ्याकडे बघून, मान टाकून चक्क झोपलात. घोरायलासुद्धा लागलात. माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकल्याचं मला आठवत नाही. आईनंसुद्धा टाकला नसता.

त्याच माळावर दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला घडीच्या खुर्चीत बसवून डोक्याला तेल लावत होतात. खोबरेल कोमट करून, बोटं रुतवून. माझे डोळे मिटलेले, मान तुमच्या हातात. एक पिकअप धुरळा उडवत आली, थांबली आणि हॅटवाल्या माणसानं काच खाली केली. "एव्हरीथिंग ऑलराइट, लेडीज? इज शी ओके?"

"शी इज फाइन," तुम्ही म्हणालात. "शी इज ॲट हर मदर्स हाउस."

त्यानं चहूकडे बघितलं. झुडपं, लांबवर डोंगर आणि एक ट्रेलर. "वेल," तो म्हणाला, "नाइस प्लेस शीज गॉट." आणि हॅटला हात लावून गेला. तुम्ही तेल लावतच होतात, काही विशेष बोलल्याचं तुमच्या गावीही नव्हतं. मी रडतेय ते तुम्हाला दिसलं असेल. तुम्ही म्हणालात, "डोळ्यात गेलं का ग तेल?"

म्हणून तर मी ओटी मागितली. माझं विमान सॉल्ट लेक सिटीहून होतं म्हणून आपण परत यूटात आलो होतो, तुम्ही पुढं एकट्याच जाणार होतात. निघायच्या सकाळी तुम्ही ट्रेलर जोडून वाकून सगळं तपासत होतात.

"वन्सं, माझी ओटी?"

"काय?"

"माहेराहून निघालेय. ओटी नाही भरणार?"

तुम्ही उठून हात पँटला पुसलेत. "मी नाही भरायची, मेधा. तुला माहितेय."

"इथं फोटो काढायला कोण बसलंय?"

"फोटोचं नाही ग."

"मग कशाचं?"

तुम्ही ट्रेलर आणि ट्रकच्या मधे लोंबणाऱ्या दोन साखळ्यांकडे बोट केलंत. "ह्या बघ. जोड निसटला तर ट्रेलर सुटून जाऊ नये म्हणून असतात. इतक्या वर्षांत एकदाही निसटला नाही. तरी दर वेळी लावते ना मी? तसं समज. मी हे काही मानत नाही. अजिबात नाही. पण माझ्या हातानं तुझी ओटी भरायची आणि उद्या रंगाला काही झालं तर? तो माझा धाकटा भाऊ आहे. त्याच्या बाबतीत मला चान्स घ्यायचा नाही."

मला सुचलं ते भलतंच. म्हटलं, "तुमच्या तर सगळ्या सवाष्णींनी ओट्या भरल्या होत्या, वर्षानुवर्षं. राहिले का माधवराव?"

मला वाटलं आता चिडणार. पण तुम्ही हळूच हसलात आणि म्हणालात, "पॉइंट आहे. विचार करते. घाई करू नकोस." मग मला दशम्या बांधून दिल्यात, मेतकुटाची बरणी दिलीत आणि विमानतळावर सोडलंत. तांदूळ ट्रेलरमध्येच राहिले.

हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मी एकदा विचारलं, "झाला का विचार?" म्हणालात, "चालू आहे. अवघड पूल आहे, नकाशा मंजूर व्हायला वेळ लागतो." तुमच्या त्या उत्तराचं मला हसू आलं आणि मी सोडून दिलं. मला वाटलं, आहे वेळ. एका सकाळी चहाला आला नाहीत म्हणून श्रीरंग ट्रेलरमध्ये गेला, तर तुम्ही खाली पडला होतात. हॉस्पिटलमध्ये चार दिवस डोळे उघडले नाहीत. मी तुमचा हात धरून बसायचे. तेव्हाही मनात भांडतच होते, तुम्हाला ऐकू गेलं असेल तर माफ करा.

आता पुढचं सांगते. हे तुम्हाला आवडणार नाही, पण ऐकून घ्या.

फ्युनरल होममध्ये तुम्हाला तुमची ती निळी नारायणपेठ नेसवली. गुरुजींचं चाललं होतं. मी पिशवीतून खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी काढली. नारळही नेला होता, पण तिथली बाई हळूच म्हणाली की नारळ भट्टीत फुटतो, तो ठेवता येणार नाही. मग खोबऱ्याची वाटी चालेल का विचारलं, ती चालेल म्हणाली. गुरुजी थांबले. "वहिनी, ह्या सवाष्ण नव्हत्या ना?"

मी म्हटलं, "माहेरवाशीण होत्या, गुरुजी. भावाच्या घरून निघाल्यात."

गुरुजींनी श्रीरंगकडे बघितलं. मीही बघितलं. तुमच्या त्या साखळ्यांचं मी त्याला आदल्या रात्रीपर्यंत कधीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ बाथरूमच्या दाराला टेकून उभा होता. आता तो पुढं आला, तुमचा पदर दोन्ही हातांनी पसरून धरला आणि म्हणाला, "भर." मंडळातल्या काकू उभ्या होत्या, सगळ्या बघत होत्या. कुणी फोन वर केला नाही. मी ओंजळीनं तुमची ओटी भरली. इतकी वर्षं तुम्ही ट्रकमध्ये चढून पळालात, त्या सगळ्या वेळांची एकदम भरली.

आणि ओटी भरली की माहेरवाशीण त्यातले थोडे दाणे परत देते, ही रीत तर तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हाला देता येत नव्हते. म्हणून मी तुमचा हात धरला, तुमच्या बोटांनी तुमच्या ओटीतले चार दाणे उचलले आणि माझ्या पदरात घेतले. पदराला गाठ मारली. तुमच्या हातूनच मिळाले ते मला, वन्सं. आता तुम्ही काहीही म्हणा, माझी ओटी भरून झाली.

रागावू नका. आणि काळजी तर मुळीच करू नका. रंगा ठणठणीत आहे. कालपासून सारखा शिंकतोय, पण या दिवसांत इथं झाडांचा पिवळा धुरळा उडतो, त्यामुळं तो दर वर्षीच शिंकतो. त्यात तुमचा काही संबंध नाही.

तुमची,
मेधा